सव्वा हात लांब, सात किलो वजन
पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याच्या पिशवीत काय असावे, काय नसावे

कौंडण्यपुरात वर्धा नदीच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझ्या मामेबहिणीचे दोन खोल्यांचे घर आहे. गाव जुने. येथल्या टेकाडात उत्खनन झाले तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष निघाले. कार्तिकात येथे मोठी जत्रा भरते, तेव्हा लोक डोक्यावर बोचकी घेऊन, कुऱ्ह्याकडून येणाऱ्या एसटीत कोंबून कोंबून येतात. एसटीला सामानाची अडचण कधी वाटली नाही. पूर्वी तर गाडीच्या मागे शिडी असे आणि टपावर पत्र्याच्या पेट्या, कापसाची गाठोडी, कोंबड्यांची खुराडी, सायकली सगळे चढत असे. ज्या घराने आजवर असाच प्रवास केला, त्या घरातली मुलगी आता विमानाने लंडनला शिकायला निघाली होती.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिला मिळाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे आणि तिच्यात ७५ जागा आहेत. शिक्षणाची फी, राहण्याचा खर्च आणि विमानाचे भाडे शासन देते. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदारी करणारा, आई निंदणाला जाणारी. मुलीच्या यशाबद्दल वेगळे लिहायला हवे, आणि ते कोणीतरी लिहीलच. मला येथे लिहायचे आहे ते तिच्या पिशवीबद्दल.

मला बोलावणे आले तेव्हा घराच्या ओट्यावर एक चकचकीत, चार चाकांची, निळी बॅग उभी होती. अमरावतीहून खास आणलेली. बहीण म्हणाली, “भाऊ, हे बॅग ते जवळ घेऊन बसनार हाय. मोठी बॅग येगळी. पाहा बरं, इतल्यात काय काय येते?” मी बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली. आत तिखटाचा डबा, सुक्या खोबऱ्याची पिशवी, जवसाची चटणी, स्टीलचा तांब्या, बाबासाहेबांची काचेची तसबीर, दोन जाड पुस्तके आणि भाजी चिरायची सुरी होती. सगळी कागदपत्रे मात्र मोठ्या बॅगेत, तळाशी, कुलूप लावून.

“कागदं तिकडं कायले ठेवले व?” मी विचारले.

“हरपले तं काय करता? कुलपात बरे हायेत.”

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. त्याचे कारण सांगतो.

२००९ साली मला दिल्लीला एका सरकारी नोकरीसाठी बोलावणे आले होते. लेखी परीक्षा झालेली, नाव यादीत लागलेले, फक्त मूळ कागदपत्रे दाखवायची बाकी. पत्र पोस्टाने उशिरा मिळाले आणि हातात एकच दिवस उरला. रेल्वेने जाऊन वेळेवर पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून मोठ्या भावाने उसनवारी करून विमानाचे तिकीट काढून दिले. आयुष्यातले पहिले विमान. मीसुद्धा असाच विचार केला, की लहान पिशवी कोठेही विसरेल, कोणी उचलेल, मोठ्या बॅगेला कुलूप आहे. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला सगळे कुलपात ठेवले आणि बॅग खिडकीवर देऊन मोकळा झालो. दिल्लीला उतरलो. सामानाचा पट्टा फिरत राहिला, लोक आपापल्या बॅगा उचलून गेले, शेवटी पट्टाही थांबला. माझी बॅग आलीच नव्हती. ती दोन दिवसांनी आली. तोवर कार्यालयातल्या साहेबांनी झेरॉक्स बघून मान हलवली होती. मूळ प्रत नाही म्हणजे नाही. ती जागा गेली. पुढे दुसरी नोकरी लागली, संसार झाला, रडत बसलो नाही. पण आजही पट्ट्यावर बॅगा फिरताना दिसल्या की मी दुसरीकडे बघतो.

आपल्या समाजाला तर सामान आणि कागद यांच्या ताटातुटीची एक जुनी आणि मोठी आठवण आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, १९१६ मध्ये लंडनला आले आणि बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. ते स्वतः एका जहाजाने आले, त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने निघाले. ते दुसरे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके त्यात गेली. त्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून त्यांना सहाशे रुपये मिळाले आणि त्याच पैशांतून नोकरीसाठी बडोद्याला जाण्याचा खर्च भागला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्या काळी बोटीच्या प्रवाशाला हातातली पिशवी किती मोठी असावी याची फारशी चिंता नव्हती, पण ‘जवळचे सामान’ आणि ‘पाठवलेले सामान’ यांतला फरक तेव्हाही एवढाच होता: जवळचे तुमच्याबरोबर पोहोचते, पाठवलेले त्याच्या नशिबाने पोहोचते.

म्हणून ओट्यावर दोन्ही बॅगा पालथ्या केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

विमानात जवळ घेऊन बसायच्या बॅगेला आपल्याकडे ‘हँडबॅग’ किंवा ‘केबिन बॅग’ म्हणतात. देशातल्या प्रवासात साध्या वर्गाच्या प्रवाशाला साधारण सात किलो वजनाची एक बॅग नेता येते. आकाराचे माप तीन बाजूंचे असते. इंडिगोचे माप ५५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ जाड असे आहे. एअर इंडियाचे ५५, ४० आणि २० असे आहे. दोन्हींची बेरीज करून पाहा, ११५ च येते. म्हणजे एकूण पसारा तेवढाच, एक बॅग थोडी जाड, दुसरी थोडी रुंद. परदेशी कंपन्यांचे आणखी निराळे. कतार एअरवेजचे माप ५०, ३७ आणि २५ आहे, म्हणजे इंडिगोत चालणारी ५५ सेंटिमीटरची बॅग तेथे लांबीला पाच सेंटिमीटर जास्त भरते.

माझ्या भाचीच्या आजीला सेंटिमीटर कळेनात. तिच्यासाठी मी हाताचे माप काढले. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट. तर ही बॅग सव्वा हात लांब, पाऊण हाताला थोडी जास्त रुंद, आणि अर्ध्या हाताहून दोन बोटे जाड. आजीने लगेच आपल्या हाताने बॅग मोजली आणि म्हणाली, “हे तं दीड हात भरते.” ती चाकांसकट मोजत होती. आणि तिचेच बरोबर होते! दुकानदार ‘वीस इंची’ म्हणून बॅग विकतो, तेव्हा तो बहुधा नुसत्या खोक्याचे माप सांगतो. विमान कंपनी मात्र चाके, वरची मूठ आणि बाहेरचे खिसे धरून मोजते. तेव्हा बॅग विकत घेण्याआधी शिवणकामाची टेप खिशात घालून दुकानात जावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

तुलनेसाठी सांगतो. रेल्वेत स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट नेता येते, आणि डब्यात नेण्याच्या पेटीचे माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपर्यंत चालते. म्हणजे आपल्या घरातली लग्नातली ट्रंक रेल्वेच्या बाकाखाली जाते, पण विमानाच्या डोक्यावरच्या कप्प्यात तिचा कोपराही बसायचा नाही.

हा नियम एवढा कडक का, असा प्रश्न बहिणीने केला. तिला वाटत होते की हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे. थोडा तो आहेच, ते नाकारत नाही. वजन वाढले की किलोमागे काहीशे रुपये मोजावे लागतात आणि ते विमानतळावर मोजताना जास्तच लागतात. पण खरे कारणही आहे. नागपूरहून उडणाऱ्या मोठ्या विमानात एकशेऐंशीच्या आसपास माणसे असतात. प्रत्येकाचे सात किलो धरले तर १८० माणसांचे १२६० किलो होतात, म्हणजे बारा क्विंटलांहून जास्त. आपल्या भाषेत सांगायचे तर बैलगाडीभर कापूस डोक्यावर टांगलेला आहे आणि खाली माणसे बसलेली आहेत. प्रत्येक कप्पा ठरावीक वजनच पेलतो. विमान हवेत धक्के खाऊ लागले आणि कप्प्याचे दार उघडले तर दहा-बारा किलोची बॅग खाली बसलेल्या लेकराच्या डोक्यात पडते.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. २ जानेवारी २०२४ रोजी जपानमध्ये टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळले आणि पेटले. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. पण पेटलेल्या मोठ्या विमानातले सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. लोकांनी बॅगांसाठी कप्पे उघडले नाहीत, वाट अडवली नाही, रिकाम्या हाताने घसरगुंडीवरून उतरले, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. मोठे विमान दीड मिनिटात रिकामे करता आले पाहिजे असा जगभरचा दंडक आहे. दीड मिनिटात ट्रंक निघत नाही. म्हणून मी भाचीला बजावले, की पासपोर्ट आणि पैसे बॅगेतही ठेवायचे नाहीत, अंगावरच्या लहान पाकिटात, गळ्यात अडकवून ठेवायचे. बाकी सगळे गेले तरी जाऊ दे.

आता वजनाचे. मी बॅग रिकामी करून काट्यावर ठेवली. शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागून आणला होता. ती निळी, चार चाकांची, चकचकीत बॅग नुसतीच २ किलो ९०० ग्रॅम भरली. सात किलोतले जवळजवळ तीन किलो बॅगच खाऊन बसली! चाकांच्या बॅगेचा शोध तसा अलीकडचा. चाके असलेली उभी, दांडीने ओढायची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ नावाच्या अमेरिकी वैमानिकाने काढली. ती वैमानिकांना आणि हवाई सुंदरींना सोयीची होती, मग सगळ्यांनाच हवीशी झाली. लांबलचक विमानतळावर ती सोयीची आहे, यात शंका नाही. पण कौंडण्यपूरच्या मुरमाच्या रस्त्यावर तिची चाके दोन दिवसांत निखळतात आणि काट्यावर ती महागात पडते. मी भाचीची कॉलेजची पाठीवरची कापडी बॅग काढायला लावली. ती ९०० ग्रॅम भरली. आजीला निळी बॅग फार आवडली होती, ती थोडी नाराज झाली. निळी बॅग आता धाकट्या भावाच्या वह्यांना कामी येईल.

घरात काटा नसेल तर साधी युक्ती आहे. माणसाच्या वजनाच्या यंत्रावर आधी रिकाम्या हाताने उभे राहावे, मग बॅग घेऊन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॅगेचे वजन. आणि सात म्हणजे सात. सव्वासात झाले तर कोणी सोडेल, कोणी सोडणार नाही. विमानात चढण्याच्या दारापाशी लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, त्यात बॅग बसवून दाखवायला सांगतात. बसली नाही तर तेथेच, शंभर लोकांसमोर, बॅग उघडून कपडे काढायची वेळ येते. आपल्या माणसाला त्या वेळी फार ओशाळल्यासारखे होते. सुटाबुटातल्या माणसालाही तेथे तेच करावे लागते, हे ध्यानात ठेवले म्हणजे ओशाळणे कमी होते.

आणखी एक फसगत तिकिटात असते. २०२१ पासून देशातल्या कंपन्यांना मोठ्या बॅगेविना स्वस्त तिकीट विकायला परवानगी मिळाली आहे. एरवी देशातल्या साध्या तिकिटावर १५ किलोची मोठी बॅग धरलेली असते, या स्वस्त तिकिटात ती नसते. मुलाने पुण्याहून फोनवर तिकीट काढून पाठवले, आईवडील दोन मोठ्या बॅगा घेऊन गेले आणि खिडकीवर तिकिटापेक्षा बॅगांचेच पैसे जास्त झाले, असे घडू शकते. तिकिटावरची बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे असतील तर दोघींपैकी ज्या कंपनीचे माप लहान, तेच धरून चालावे.

छोट्या विमानाचीही गोष्ट निराळी. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईला विमान सुरू झाले, आपल्या भागातल्या लोकांसाठी ती मोठीच गोष्ट. तेथे आलेले विमान एटीआर जातीचे, पंख्याचे, सत्तरेक आसनांचे. त्यात माणसे शेपटीकडच्या दाराने चढतात आणि सामान पुढच्या बाजूने भरतात. त्यातले डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान असतात. मोठ्या विमानात बसणारी बॅग तेथे बसेलच असे समजू नये. भाचीचे तिकीट नागपूर ते दिल्ली आणि दिल्ली ते लंडन असे एकच होते, म्हणून तिला नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जायचे होते. तिच्या आजोबांना या नावाचे फार अप्रूप. पोरीचे पहिले विमान बाबासाहेबांच्या नावाच्या विमानतळावरून उडणार, हे त्यांनी मला तीनदा सांगितले.

आता खाण्यापिण्याकडे येऊ, कारण भांडण तेथेच झाले.

तिखटाचा डबा मी आधी बाजूला काढला. तिखटाची पूड आणि मिरचीचे लोणचे जवळच्या बॅगेत चालत नाही. ते कोणाच्या डोळ्यांत टाकता येते, म्हणून सुरक्षेवाले ते काढून घेतात. मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून, ते जाते. सुक्या खोबऱ्याने तर बहीण चिडलीच. “खोबऱ्यानं काय विमान पडते काय?” तिचा प्रश्न चूक नव्हता, पण उत्तर आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि कोंदट जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून जगभरच्या विमान वाहतुकीत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. ते ना जवळच्या बॅगेत चालते, ना मोठ्या. मी म्हणालो, भाजीला खोबरे लंडनमध्येही मिळते. खरे म्हणजे तिला खोबऱ्याचे काही नव्हते, पोरगी परक्या मुलखात काय खाईल याची धास्ती होती. शेवटी जवसाची चटणी, कुरड्या, मुगाच्या वड्या आणि शेंगदाण्याचे लाडू मोठ्या बॅगेत गेले. प्रवासात खायला दशम्या आणि चार लाडू जवळच्या बॅगेत. कोरडे खाणे चालते. पातळ पदार्थांना मात्र परदेशच्या प्रवासात शंभर मिलीलिटरची मर्यादा आहे. २००६ साली लंडनहून निघणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून ही अट आली. बाटली शंभर मिलीलिटरपेक्षा मोठी नको, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. दोनशे मिलीलिटरच्या बाटलीत तळाशी थोडेसे तेल उरले आहे, हे कारण चालत नाही, बाटलीचाच आकार बघतात. केसांचे तेल, दंतमंजनाची पेस्ट, मध, तूप, दही, ठेचा हे सारे यात येते. लेकराचे दूध आणि औषधे यांना सवलत आहे, पण डॉक्टरची चिठ्ठी जवळ असावी.

काडेपेटी आणि लायटर कोठेच चालत नाहीत. हे आवर्जून लिहितो, कारण आपल्या घरातली बाई परगावी निघाली की वंदनेसाठी मेणबत्ती आणि अगरबत्तीच्या पुड्यात काडेपेटी आपसूक बांधते. आजीने तशी ती बांधलीच होती. सुरी, कात्री, आडकित्ता, स्क्रू-ड्रायव्हर हे मोठ्या बॅगेत ठेवावेत. याच्या अगदी उलट नियम मोबाइलच्या पॉवर बँकेचा आहे. ती मोठ्या बॅगेत ठेवलेली चालत नाही, जवळच ठेवावी लागते. ती पेटली तर निदान माणसाच्या लक्षात तरी येते, विमानाच्या पोटात पेटली तर कोणाला दिसणार? शंभर वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते, बाजारात मिळणारी वीस हजारांची त्यात बसते. पण तिच्यावरचा आकडा पुसलेला असेल तर तपासणीवाला हरकत घेऊ शकतो, तेव्हा स्वस्तातली, आकडा नसलेली घेऊ नये.

जवळच्या बॅगेशिवाय आणखी काय नेता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बाईमाणसाची पर्स, अंगावर घ्यायची शाल किंवा कोट, छत्री किंवा आधाराची काठी, वाचायला थोडी पुस्तके, लहान लेकराचे खाणे आणि अपंगांच्या कुबड्या, घडीची चाकाची खुर्ची या गोष्टींना आपल्या देशात सूट दिलेली आहे. म्हातारी काठी घेऊन आली आणि कोणी तिची काठी सामानात मोजू लागला, तर नम्रपणे पण ठामपणे बोलावे. स्वेटर अंगात घालून जावे, तो बॅगेत ठेवून सात किलोत कशाला मोजावा?

तसबिरीचा प्रश्न अवघड होता. बापाने ती गेल्या वर्षी चौदा एप्रिलला आणलेली, काचेची, लाकडी चौकटीची. मोठ्या बॅगेत फुटणार, जवळच्या बॅगेत बसेना. बाप काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. भाचीनेच तोड काढली. तिने चौकट उघडून आतला फोटो काढला, पुठ्ठ्यात घालून फाईलमध्ये ठेवला. चौकट परत खिळ्याला टांगली. रिकामी. बहीण म्हणाली, “नवा फोटो आनू रविवारी.” बाप म्हणाला, “असू दे तसंच.”

नंतर नुकसानभरपाईचा विषय निघाला. मोठी बॅग हरवली, फाटली किंवा उशिरा आली, तर देशातल्या प्रवासात कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपयांची आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती ‘मॉन्ट्रियल करारा’प्रमाणे ठरते आणि बरीच जास्त असते. पण ती आपोआप मिळत नाही. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच तेथल्या सामानाच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसान झालेल्या बॅगेची तक्रार सात दिवसांच्या आत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांच्या आत लेखी करावी लागते. मोठी बॅग देताना बोर्डिंग पासला एक चिकटपट्टी लावून देतात, बरेच जण ती कचरा समजून फेकतात. तीच त्या बॅगेची पावती. मी २००९ साली ती फेकली नव्हती, म्हणून निदान बॅग तरी परत मिळाली.

संध्याकाळी सगळे नव्याने भरले. कापडी बॅग ९०० ग्रॅम. कागदपत्रांची फाईल, तीत विद्यापीठाचे पत्र, शिष्यवृत्तीचा आदेश, गुणपत्रिका, जातीचे आणि वैधतेचे प्रमाणपत्र, लसीचा कागद आणि तो फोटो, सव्वा किलोला थोडी कमी. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर दोन किलो. कपड्यांचा एक जोड, शाल, औषधे. दोन जाड पुस्तकांपैकी एक ठेवायचे ठरले, तेव्हा भाचीने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ निवडले. दुसरे मोठ्या बॅगेत गेले. कागदपत्रांच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा मोठ्या बॅगेत आणि एक घरी. मूळ प्रती एकाच ठिकाणी, जवळ.

काट्यावर ६ किलो ३०० ग्रॅम भरले. दशम्या-लाडू सकाळी हातातल्या पिशवीत घ्यायचे ठरले. म्हणजे बॅगेत सातशे ग्रॅमची जागा उरली होती. आता आणखी काय, असे मी विचारले. सगळे गप्प. आजीने चिक्कीचे नाव काढले, बापाने टॉर्च सुचवली.

बहीण उठून आत गेली आणि आपली पांढरी सुती साडी घेऊन आली. वंदनेला नेसायची, इस्त्रीची, काठाला बारीक निळी रेघ असलेली. कोणाला काही न विचारता तिने ती लहान घडी करून बॅगेत, फाईलच्या अंगाला बसवली आणि चेन ओढली. मी बॅग परत काट्यावर ठेवली. ६ किलो ७५०.

“बसते नाही भाऊ?” तिने विचारले.

मी टेप घेऊन पुन्हा तिन्ही बाजू मोजल्या. बसत होती.